आप्पांच्या हातचं माप

आप्पांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता, तरी दारूचा दुकानदार त्यांना पक्का ओळखत होता. रोज सकाळी सलूनचं शटर उघडण्याआधी ते कापडी पिशवी घेऊन तिथे जायचे आणि मुलासाठी एक चपटी आणायचे. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी, रात्रीची उतरल्यावर, दाढी करताना मुलाचा हात थरथरला आणि एका गिऱ्हाइकाची हनुवटी कापली गेली. तेव्हा आप्पांनीच त्याला पडद्यामागे नेऊन अर्धा ग्लास पाजला. हात जागच्या जागी थांबला. झालं, म्हाताऱ्याला औषध सापडलं! "मी मोजून देतो म्हणून टिकलाय, नाहीतर केव्हाच गटारात पडला असता," असं ते वर तोंड करून सांगायचे. रोग परवडला पण औषध नको, हे त्यांना कोण समजावणार? सुनेने समजावून पाहिलं आणि शेवटी मुलीला घेऊन ती माहेरी गेली.

त्यानंतर मुलगा आपल्या पायांनी व्यसनमुक्ती केंद्रात गेला. दीड महिन्याने परतला तेव्हा गालफडं बसली होती, पण डोळे निवळले होते. फोनवर बायको म्हणाली, "महिनाभर न पिता दुकान चालवून दाखव. मग येतो आम्ही दोघी." आप्पांना इतका आनंद झाला की त्यांनी दोन्ही खुर्च्या साबणाने धुऊन काढल्या.

पहिलाच दिवस रविवारचा. बाकावर चार माणसं, खुर्चीत हेडमास्तर. मुलाने फेस लावला, वस्तरा उघडला आणि हात थरथरायला लागला. बाकावरचा एकजण "जरा जाऊन येतो" म्हणत सटकला.

"आप्पा, आज वस्तरा तुम्ही धरा, मी कात्रीचं बघतो," मुलगा हळूच म्हणाला. "डॉक्टर म्हणालेत, जाईल थरथर. वेळ लागेल."

एवढंच करायचं होतं हो. पण तेवढ्यात दुसरा उठला आणि आप्पांचा धीर सुटला. चाळीस वर्षं कमावलेलं नाव डोळ्यांदेखत दाराबाहेर चाललं होतं. कपाटात मागची अर्धी बाटली होती. 'असू दे, वेळप्रसंगी लागेल' म्हणून त्यांनी ती फेकली नव्हती. त्यांनी ग्लास भरला आणि मुलाला आत बोलावलं.

"आजच्या दिवस घे."

"नको ना, आप्पा. तुम्ही तरी देऊ नका."

"अरे, बाहेर लोक खोळंबलेत!"

मुलगा ग्लासाकडे बघत राहिला. मग त्याने तो एका दमात रिकामा केला. आत काय तुटलं असेल, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

दाढी मात्र अशी झाली की हेडमास्तर गालावरून हात फिरवत म्हणाले, "वा! विश्रांती मानवली तुला." सगळे हसले. आप्पाही हसले. त्या हसण्याबद्दल त्यांनी पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

संध्याकाळी शटर ओढून झाल्यावर मुलगा पायरीवर बसला. बाटली त्याने केव्हाच संपवली होती.

"आप्पा, उद्यापासून सकाळीच आणून ठेवत जा," तो म्हणाला. "तुमच्याकडे मागायची लाज वाटते मला. आणि हिला फोन करून सांगा, येऊ नको म्हणावं."

आप्पांनी मान हलवली. नाही म्हणायला त्यांना तोंड उरलं नव्हतं.