बशी कुणाच्या हातात वाजली?

नव्वदच्या दशकात केडगावला मी मेंदूच्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनचे, पेशंट फार. आणि प्रत्येकामागे कुणाचा तरी संशय! असले किस्से साठवायचे म्हणून कुणी साठवत नाही, पण मी पडलो संशयी स्वभावाचा. सगळे लक्षात राहिले.

*

एक रिटायर गुरुजी. या आजारात अक्षर बारीक होत जातं. बँकेतल्या क्लार्कनं विचारलं, "सही तुमचीच कशावरून?"

गुरुजी भडकले, "गाढवा, तुला बाराखडी कुणी शिकवली?"

तरी पठ्ठ्यानं डॉक्टरांची चिठ्ठी मागितलीच!

*

कर्जतकडच्या एक बाई. नवऱ्याचा हात कापतो म्हणजे तो पितोच, असा ठाम समज. रोज त्याच्या तोंडाचा वास घ्यायच्या.

"आला का वास?" मी विचारलं.

"न्हाई ना! बिनवासाची पितोय. लई भारीतली असंल!"

*

मग मारुती आणि केरबा आले. जुळे भाऊ, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं! मारुतीनं पंधरा वर्षं बागेत फवारणी केली, ड्रममधलं औषध उघड्या हातानं ढवळलं. केरबा सुप्याच्या कंपनीत कामाला. कंप सुटला मारुतीला.

डॉक्टर म्हणाले, "बी एकच रे. पण अंगावर काय पडलं, त्यानं आतली बटणं चालू-बंद होतात. फवारणीचा मला दाट संशय आहे."

केरबाचा चेहरा उतरला. "म्हंजे ते बटन माज्यातबी हाय?"

"असेलही. चालू होईलच असं नाही."

तेव्हापासून दर खेपेला केरबा भावाचा हात घट्ट धरून बसायचा. किती ही माया, असं मला वाटायचं. मीसुद्धा फसलो!

*

केरबाच्या मुलीचं जमत आलं होतं. मुलाच्या बापाला कुणीतरी सांगितलं, घराण्यात कंप आहे. दोघे भाऊ तपासणीला आले असतानाच तो थेट दवाखान्यात हजर! डॉक्टरांनी समजावलं, घराण्यावर ढकलू नका. त्यानं मान डोलावली, पण माणूस माझ्याहून संशयी. समोरून चहा मागवला, काठोकाठ भरलेली कपबशी स्वतः केरबापुढं धरली आणि नजर त्याच्या हातावर रोखली.

"घ्या, पाव्हनं."

केरबा हलेना. मुलीचं लग्न त्या बशीत होतं! मारुतीचं मला टेन्शन नव्हतं. त्याला गोळ्या लागू पडल्या होत्या, तासाभरापूर्वीच त्यानं माझ्या रजिस्टरात ठसठशीत सही केली होती.

शेवटी केरबानं भावाचा हात सोडला आणि बशी घेतली. कप जेमतेम एकदा खडखडला.

मारुतीनं झटकन हात पुढं केला आणि तीच बशी धरली. आता बशी दोघांच्या हातात, खडखड चालूच.

"माफ करा, पाव्हनं," मारुती हसून म्हणाला, "माजा हात लागला की असंच वाजतंय बगा."