चकलीच्या मापाचा घास

ह्यांना माहीत नाही. माझ्या सख्ख्या बहिणीला माहीत नाही, आणि तिच्यापासून माझं काहीच लपत नाही. माझ्या लेकीला, रेवाला, तर नाहीच नाही — तिला कळू नये म्हणूनच इतकी वर्षं तोंड शिवून बसलेय. आज तुला सांगते. तुलाच का, ते विचारू नकोस. कुणाजवळ तरी बोलले नाही तर आता माझं काही खरं नाही, एवढंच समज.

आमच्याकडे साप होता. हसू नकोस, खरंच होता.

ह्यांच्या अस्कर भागातल्या कंपनीतला एक जण बहारीन सोडून कायमचा निघाला आणि जाताना काचेच्या पेटीसकट ते नारिंगी वेटोळं रेवाच्या हाती देऊन गेला. बिनविषारी, करंगळीएवढं जाड. मी किंचाळून अख्खा मजला गोळा केला. उम्म अल हस्समच्या त्या टीचभर फ्लॅटमध्ये माणसांनाच जागा नव्हती, त्यात हे! रेवा तेव्हा नववीत. पेटीत डोकावून शांतपणे म्हणाली, "आई, रिलॅक्स. शी इज स्मॉलर दॅन युवर चकली." झालं, नाव चकली पडलं.

चकलीला उंदीर लागायचे. दुकानात गोठवलेले मिळतात, ते आणायचे आणि कोमट पाण्यात ठेवून द्यायचे. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही, आणि माझ्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीखाली, आईस्क्रीमच्या डब्यात उंदीर! मी रोज कटकट केली. पण खरं सांगू? पोरीचं मला कौतुकही वाटायचं. माझ्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन ती चकलीचं अंग मापायची, तेवढ्या मापाची कागदाची पट्टी कापायची आणि ती पट्टी उंदराला गुंडाळून बघायची. अंगाचा सगळ्यात जाड भाग जेवढा, तेवढाच जाड उंदीर, फार तर किंचित जास्त. तोंडाकडे बघायचं नाही, तोंड वाट्टेल तेवढं उघडतं. पोटाकडे बघायचं. चकली वाढली की नवी पट्टी, मगच मोठा उंदीर. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. झालीही असती.

आणि मी? मी कशी आहे ते तुला माहीतच आहे. माझ्या घरी जेवायला बसलेल्या माणसाने ताटावर हात आडवा धरला तर मी बोटांच्या फटीतून जिलबी सोडते. चकली काचेला नाक लावून बसली की मी म्हणायचे, "अगं, दे की अजून एक, बघ कशी बघतेय बिचारी!" रेवा हसायची. "आई, शी इज नॉट अ गेस्ट. तिला आग्रह नाही करायचा."

सांगते, सांगते. वळसे घालतेय, मलाही कळतंय.

रेवा दहावीत गेली त्या वर्षी, इथल्या जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत ती आणि हे नाशिकला गेले. मला लीव्ह मिळाली नाही. निघायच्या आदल्या दिवशी रेवाने चकलीचं माप घेतलं. अंग भरलं होतं. तिने बराच विचार केला आणि उंदराचं माप एक पायरी वाढवलं. दर शुक्रवारसाठी एकेक उंदीर छोट्या पिशवीत घालून डब्यात पुढे ठेवला. मागे थोराड उंदीर होते, दुकानात नेहमी मिळत नाहीत म्हणून आणून ठेवलेले. चकली आणखी वाढली की मग. "मागच्यांना हात लावायचा नाही," ती म्हणाली. "आणि तिने उलटी केली तर दोन आठवडे काहीही द्यायचं नाही. फक्त पाणी. आणि मला फोन." मी मान हलवली. मला सगळं नीट कळलं होतं बरं का — कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही.

मग नाशिकहून सासूबाईंचा फोन आला. त्याही ह्यांच्याबरोबर येणार होत्या, पहिल्यांदाच, गणपतीला. सोवळ्याच्या बाई त्या. साप एक वेळ नागोबा म्हणून खपला असता, पण मोदकांचं खोबरं ठेवायला फ्रीजर उघडणार आणि हाताला काय लागणार? खालच्या मजल्यावर वसईची फिलोमिना राहायची. तिने काही न विचारता डबा ठेवून घेतला असता. पण तिला सांगायचं म्हणजे ब्राह्मणाच्या फ्रीजरात उंदीर आहेत हे सांगायचं. मला लाज वाटली.

तर शुक्रवारी दुपारी मी मागचा उंदीर काढला. थोराड, सगळ्यात मोठा. म्हटलं, एकदाच भरपेट खाऊन घेईल, मग गणपती उठेपर्यंत बघायला नको. बाकीचे टाकून देऊ, फ्रीजर मोकळा. आणि नुसता फ्रीजर नव्हता गं मनात. तिला एकदा पोटभर घालायचंच होतं मला. पोरगी मोजून मोजून देते, मी जरा सढळ हाताने देईन — असं वाटलं होतं.

तिने घेतला. जबडा इतका ताणला की खवल्यांमधली पांढरी कातडी दिसायला लागली. किती वेळ झगडत होती! मी थांबवू शकले असते का? माहीत नाही. मी थांबवलं नाही. उलट "शाबास, शाबास" म्हणत होते. तिने अखेर गिळला तेव्हा मला समाधान वाटलं. ते समाधान आठवलं की आजही मला माझी किळस येते.

दोन-तीन दिवसांनी ऑफिसमधून आले तर घरभर वास. तिने सगळं बाहेर टाकलं होतं. फोन करायचा होता मला. नाही केला. काय सांगणार होते? त्यातून ती कोपऱ्यात अशी मऊ पडलेली, आणि मी — अगं, मी तिला पुन्हा दिलं. रिकाम्या पोटी कसं ठेवायचं म्हणून पुढच्या पिशवीतला लहान उंदीर दिला, आजारी माणसाला आपण पेज देतो तसा. तिने तोही घेतला. तोही बाहेर आला. मग तिने मान उचलली नाही. रेवा यायच्या आदल्या दिवशी चकली मेली.

इथपर्यंत ती चूक होती म्हण. म्हणू शकतेस. पुढचं चूक नाही.

डब्यात उरलेले सगळे उंदीर, लहान-मोठे, मी कचऱ्यात टाकले. रेवा आली. तिने विचारलं, काय दिलंस? मी म्हटलं, "तू ठेवलेस तेच. पुढचे. मागचे मोठे आजी येणार म्हणून टाकून दिले." एका दमात, डोळ्याला डोळा भिडवून. उलटीचं विचारलं, तर "झाली असेल, मी ऑफिसात होते," म्हटलं. पोरगी चकलीला मांडीवर घेऊन बसली आणि तीच पट्टी पुन्हा पुन्हा गुंडाळून बघत राहिली. सैल का, घट्ट का. मग माझ्याकडे वर बघून म्हणाली, "मी माप चुकले, आई. मी वाढवायला नको होतं. आय किल्ड हर."

आणि मी तिचं डोकं छातीशी धरलं. म्हणाले, "असू दे गं. मापात कुणाचीही चूक होते."

ऐकलंस? असं म्हणाले मी. पोटच्या पोरीला.

पुढच्या वर्षी तिने कॉमर्स घेतलं. ह्यांना वाटलं, हट्ट उतरला. पेटी कुणाला तरी देऊन टाकली. मीही वाट बघत राहिले — विसरेल, पोरवय आहे. नाही विसरली.

आता ती इथेच माहूजला राहते. तिची लेक इरा आता बसायला लागलीये, वरचं खायला लागलीये. आणि रेवा नाचणीची खीर ग्रॅमवर तोलते. वजनकाट्यावर वाटी ठेवते, एक चमचा काढते, पुन्हा तोलते. पोर तोंडाचा आ करून रडतं आणि ही म्हणते, नको, जास्त होईल. इराचं वजन उतरलंय. डॉक्टर परवा चांगलेच रागावले तिला. काड्यांसारखी झालीयेत त्या पोरीची मनगटं. मी म्हटलं, "अगं, भूक लागलीये तिला!" तर रेवाचे डोळे भरले. "आई, मला माप कळत नाही. तुला माहितीये ना? आधीपासूनच नाही कळत."

मला माहितीये. जगात फक्त मलाच माहितीये.

रोज ठरवते, आज सांगते. रोज तिच्या दारापर्यंत जाते आणि दुसरंच काही बोलून परत येते. सांगितलं तर ती माझ्यावरचा विश्वासही काढून घेईल, मग पोरीला भरवणार कोण — असं मनाशी म्हणते. पण ते खोटं आहे. मला भीती वाटते ती तिच्या नजरेची, दुसरं काही नाही.

काल तिने ती वाटी माझ्या हातात दिली. "तू भरव. तुझा हात बरोबर आहे."

मी भरवलं. इराने एकेक घास मिटक्या मारत खाल्ला, आणि मग पोट भरल्यावर तोंड फिरवलं. माझा पुढचा चमचा तरीही तिच्या ओठांपर्यंत गेला होता. रेवा माझ्या हाताकडे टक लावून बघत होती, शिकून घ्यावं तशी. मी चमचा वाटीत ठेवला.

"पुरे तिला," म्हटलं.

"बघ," रेवा म्हणाली, "तुला न मोजता कळतं."

मी वाटी घेतली आणि विसळायला आत गेले.