चहापाण्याबद्दल ऋणी

वाशिमला आमचं कापडाचं दुकान आहे आणि दुकानाच्या वरच घर. घरात सासूबाई, आम्ही दोघं, दीर आणि धाकटी जाऊ. मुलं शिकायला बाहेर. शनिवार-रविवार चालणाऱ्या माध्यम पदविकेची जाहिरात पाहिली तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते. लग्नामुळे बी.ए.चं दुसरं वर्ष अर्ध्यावर सुटलं होतं आणि त्यानंतर माझ्या नावावर एकही कागद नव्हता. हा एक तरी पुरा करायचा, असं मी ठरवलं.

घरात मी विचारलं नाही, सांगितलं. त्याआधी वहीत सगळं लिहून काढलं होतं: शनिवारी सकाळचा स्वयंपाक किती वाजता आटपायचा, दुकानातल्या माणसांचा चहा कोणी करायचा, सासूबाईंच्या गोळ्या कोणी द्यायच्या. सगळं बसत होतं. फक्त एकटीनं वर्गात जाऊन बसायचा संकोच होता. तोही धाकटीनं सोडवला.

"ताई, मी येतो न तुमच्यासंग," ती म्हणाली. "तुमी एकट्या गेल्या तं त्या पोरापोरींत हेडमास्तरीण दिसान."

ती माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. बी.कॉम. झालेली, तोंडानं फटकळ, हातानं चपळ. मला ती आवडायची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना कोणाला वाटेल की आमचं आधीपासूनच बिनसलेलं होतं. तसं काही नव्हतं.

वर्षाच्या शेवटी प्रकल्प होता. सिनेमाविषयीच्या मासिकाचं मुखपृष्ठ तयार करायचं. मासिक आपण कल्पनेतलं काढायचं आणि ज्या सिनेमावर अंक आहे तो सिनेमाही कल्पनेतला. मुखपृष्ठासोबत पाच-सहा पानांचा अहवाल द्यायचा, त्यात ऋणनिर्देशाचं एक पान सक्तीचं. सर म्हणाले, जोडीनं केलं तरी चालेल. आमची जोडी ठरलेलीच होती.

मी नवी वही काढली. तीन रकाने आखले: काम, कोणी करायचं, कधी झालं. दुपारी एक ते चार हा आमचा वेळ. जेवणं झालेली असतात, पुरुष खाली दुकानात असतात, आणि आम्ही जैन, संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत उरकायचं असल्यामुळे चारला परत चुलीपाशी यावंच लागतं. तीन तासांत काय बसतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

सिनेमा मी ठरवला. रिसोड-मालेगाव फेरीवरच्या बाई कंडक्टरची गोष्ट, नाव 'पुढे सरका'. मासिकाचं नाव मात्र तीन दिवस सुचेना. मी वीसेक नावं लिहिली आणि वीसच्या वीस खोडली. चौथ्या दिवशी शेंगा फोडता फोडता धाकटी म्हणाली, "माही आई सांगे, जुन्या टॉकीजले तिकिटाची बायकांची खिडकी वेगळी राहे. आतला मानूस दिसे नाही, निरा हात दिसे. तेच ठेवू न नाव. 'बायकांची खिडकी'."

मी लगेच वहीत लिहिलं. काम: मासिकाचं नाव. कोणी: दोघींनी. झालं: शुक्रवार.

पुढची कामं भराभर झाली. दुकानात गणवेशाच्या खाकी कापडाचा तागा होताच. आमच्या शिंप्यानं मापं घेऊन धाकटीला सदरा शिवून दिला, साडीवर घालायचा. तिचं माहेर शिरपूरचं. तिथे तिचे काका एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, त्यांच्याकडून तिनं चामड्याची जुनी थैली आणली. फोटोही शिरपूरच्या बसथांब्यावर काढायचं मी ठरवलं, कारण दुपारी तिथे ऊन एका बाजूनं येतं आणि जैन मंदिराला आलेली मंडळी गाडीची वाट पाहत बसलेली असतात, मागे गर्दी आपोआप मिळते.

मी सत्तावन्न फोटो काढले. हनुवटी वर, थैली पुढे, डावा पाय पायरीवर. यात्रेकरूंतल्या एका आजींनी खरंच विचारलं, "बाई, अकोल्याची गाडी कधी हाय?" आणि धाकटीनं चेहरा न हलवता सांगितलं, "बसा आजी, डायवर जेवून राह्यला." आम्ही वाशिमपर्यंत हसत आलो.

मांडणी मी केली. खाकी रंगावर पिवळी ठळक अक्षरं, कारण गडद कापडावर पिवळा दोरा लांबूनही उठून दिसतो, हे दुकानात बसणाऱ्याला वेगळं शिकावं लागत नाही. धाकटी पांढऱ्यासाठी भांडत राहिली, तिलाही मी हेच सांगितलं. मी पिवळी घेतली. मथळे तीनच ठेवले. धाकटीनं चौथा सुचवला होता. तो जागेत बसेना, मी काढला. बसस्टँडजवळच्या छपाईवाल्या भाऊंच्या संगणकावर बसून तीन दुपारी ते जुळवून घेतलं. फक्त छापायचं राहिलं. मुदत गुरुवारची होती.

त्याआधीच्या शनिवारी-रविवारी मी वर्गाला नव्हते. रिठदला, माझ्या माहेरी, भाच्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. रविवारी दुपारी परत आले आणि चप्पल काढता काढताच विचारलं, "सर काही म्हणले का प्रकल्पाचं?"

"काही नाही," धाकटी म्हणाली. "नेहमीचंच."

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी दुपारी छापील प्रत घ्यायला मी छपाईच्या दुकानात गेले.

"वयनी, ते तं छोट्या वयनीनं कालच नेलं न," भाऊ म्हणाले. "सरकडे देऊनही आल्या असतीन. तुमाले नाही सांगितलं?"

मी म्हटलं, सांगितलं असेल, माझ्याच लक्षात राहिलं नाही. माझ्या लक्षात राहत नाही, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले असेन. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहवालही इथेच टाइप केला का? बघू बरं, पानं नीट आली का."

त्यांनी पडद्यावर उघडून दिला. पहिल्या पानावर संकल्पना, छायाचित्र, मांडणी, आणि तिन्हींपुढे तिचं एकटीचं नाव. दुसरं पान ऋणनिर्देश. त्यात सर, काका, शिंपी, आणि शेवटी मी: "माझ्या थोरल्या जाऊबाईंनी घरकामातून मला सवलत दिली व वेळोवेळी चहापाण्याची काळजी घेतली, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे."

मी ते दोनदा वाचलं. सवलत हा शब्द तिचा नाही, कुठल्या तरी जुन्या अहवालातून घेतला असणार, एवढंच त्या क्षणी मनात आलं. मग दुकानाबाहेर येऊन सरांना फोन केला.

सर चकित झाले. वरून सूचना आली होती, प्रकल्प जोडीनं चालणार नाही, प्रत्येकानं आपला वेगळा द्यायचा. हे त्यांनी शनिवारी वर्गात सांगितलं होतं आणि धाकटीला वर बजावलं होतं की जाऊबाईंना निरोप द्या. "त्या हो म्हणाल्या होत्या," सर म्हणाले. मी खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्याकडे काही पुरावा आहे का? वही वगैरे? असेल तर उद्या घेऊन या. मला त्यांचा प्रकल्प रद्द करता येईल. नाहीतर तुम्हाला तरी उद्यापर्यंत दुसरं काही द्यावं लागेल, त्याशिवाय वर्ष धरता येणार नाही."

चारच्या सुमारास घरी आले. धाकटी संध्याकाळच्या पोळ्यांना बसली होती. मी तव्याशी बसले. ती लाटते, मी भाजते, हे रोजचं.

"सर काय म्हणले होते शनिवारी?"

तिचं लाटणं थांबलं नाही. "एकेकट्यानं द्या म्हणले."

"मग मला काहून नाही सांगितलं?"

"तुमी रिठदले होत्या."

"रविवारी आले मी. तोंडावर विचारलं तुला. तीन दिवस या पोळपाटाशी बसून पोळ्या केल्या आपण."

तिनं पोळी माझ्याकडे टाकली. "तुमची वही पाह्यली मी, ताई. तुमी रिठदले गेल्यावर. माह्या नावापुढं काय लिवलं हाय, ठाव हाय तुमाले? उभं राहणे. सदरा घालणे. थैली धरणे. मी का दुकानातला पुतळा हाव, साडी नेसवून उभा करायले?"

"मग तोंडानं म्हणायचं होतं."

"म्हणलं असतं तं तेही तुमी वहीत लिवलं असतं. काम: धाकटीची तक्रार. कधी झालं: सोमवार."

एरवी मी हसले असते. पोळी करपली, ती उतरवली. म्हटलं, "आणि चहापाणी? तेवढंच केलं मी?"

तिचे कान लाल झाले. पुढची पोळी तिनं वाकडी लाटली, आणि ती कधी वाकडी लाटत नाही.

जेवताना मी हे सगळ्यांसमोर काढलं. दीर ताटात बघत राहिले. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यासाठी कायले घर डोक्यावर घेऊन राह्यली?" मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी ताक संपवलं, मग म्हणाले, "अवं, एकाच घरातलं तं हाय. कोनाच्याही नावानं गेलं तरी गेलं तं आपल्याच घरचं न."

धाकटीचं वागणं मला समजू शकत होतं, निदान तिच्याकडे कारण होतं. यांच्याकडे काहीच नव्हतं. जेवणानंतर गच्चीवरचे कपडे काढताना मी तेवढाच विचार करत होते की वर्षभर दर शनिवारी सकाळी पाचला उठून या माणसाचा स्वयंपाक करून मी वर्गाला गेले, आणि मी कशासाठी जाते हे त्यांना माहीतच नव्हतं.

गुरुवारी सकाळी वही घेऊन मी झेरॉक्सला निघाले. सरांना द्यायची म्हणून एकेक पान उलटून पाहिलं. तारखा होत्या, वेळा होत्या, सत्तावन्न फोटोंचा हिशेबसुद्धा होता. पुरावा म्हणून वही पक्की होती. आणि मग ती ओळ दिसली. मासिकाचं नाव: दोघींनी. ते दोघींनी नव्हतं. माझी वीस नावं खोडलेली मागच्याच पानावर होती. अख्ख्या वहीत एकच नोंद सरळसरळ खोटी होती आणि ती माझ्या हातची होती. थैली तिनं आणली, तर तिथे मी नुसतं "थैली: मिळाली" असं लिहिलं होतं. ती वही सरांपुढे ठेवून धाकटीचं वर्ष घालवायचं, तर त्या पानापाशी सरांनी मला प्रश्न विचारला असता आणि मला उत्तर देता आलं नसतं. मी वही पिशवीत घातली. यात मोठेपणा काही नव्हता. तिला माफ केलं असंही नाही.

छपाईच्या दुकानात अकराला बसले. फोटो माझेच होते, पण छपन्नांत धाकटी होती. एकात नव्हती: ती पाणी प्यायला गेली तेव्हा थांब्याच्या बाकावर थैली एकटी पडलेली, शेजारी एका यात्रेकरूचं गाठोडं. तो घेतला. सिनेमा नवा केला, रजेवर गेलेल्या कंडक्टरची गोष्ट, नाव 'गाडी रद्द'. सव्वा तासात मांडणी झाली. मग मासिकाच्या नावापाशी अडले. एक वाजला, दोन वाजले. भाऊंनी दोनदा चहा मागवला. एका चांगल्या नावाला किती वेळ लागतो ते तेव्हा कळलं. शेवटी 'सिनेमा मासिक' टाकलं आणि साडेतीनला सरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. ऋणनिर्देशात छपाईवाले भाऊ आणि धाकटीचे काका. वही आणली का, असं सरांनी विचारलं. मी म्हटलं, नाही सापडली.

तोंडी परीक्षेला बाहेरगावच्या परीक्षक बाई आल्या होत्या. सगळ्यांना एकाच हॉलमध्ये बसवलं होतं, त्यामुळे एकीचं दुसरीला ऐकू येत होतं. मला त्यांनी विचारलं, फोटो इतका चांगला आणि नाव इतकं सपक का? मी खरं सांगितलं, की सुचलं नाही. त्यांनी काहीतरी लिहिलं.

धाकटीचं मुखपृष्ठ त्यांनी उचलून खिडकीशी नेऊन पाहिलं. नाव कुठून आलं ते विचारलं. तिनं आईचं, टॉकीजचं, हात दिसण्याचं सगळं छान सांगितलं. मग बाईंनी विचारलं, "खाकीवर पिवळंच का घेतलं?"

मी तिच्या मागच्याच बाकावर होते.

"गडद कापडावर पिवळा दोरा लांबूनही उठून दिसते, मॅडम," ती म्हणाली. "दुकानात बसणाऱ्याले हे येगळं शिकावं लागत नाही."

माझा शब्द न् शब्द. पांढरा पाहिजे म्हणून ती माझ्याशी किती भांडली होती. परीक्षक बाई म्हणाल्या, वा.

तिचं मुखपृष्ठ कार्यालयाच्या दाराशेजारी लावलं. अजून तिथेच आहे. मी पास झाले, बेताच्या गुणांनी. दोघींची प्रमाणपत्रं आली तेव्हा नवऱ्यानं ती दुकानात लावू का म्हणून विचारलं. दोन्ही लावू, शोभून दिसतील, म्हणाले. मी माझं कपाटात ठेवलं.

घर चालू आहे. ती लाटते, मी भाजते, दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. तवा तापला का, मीठ घातलं का, सासूबाईंची गोळी झाली का, एवढं बोलणं होतं. एकदा तिनं दोघींपुरता चहा केला आणि माझा कप माझ्यापुढे ठेवून उभी राहिली. काहीतरी बोलणार होती. मी कप घेतला आणि खाली दुकानात निघून गेले.

पुढच्या अभ्यासक्रमाचे अर्ज गेल्या आठवड्यात सुटले. मी माझा भरून दिला. तिनं भरला की नाही, मी विचारलेलं नाही.