धाकूमिस्त्री आणि तेलाची उचकी

धाकू परब बावीस वर्षं माझ्या टेबलाशेजारच्या बाकावर काम करत होता, आणि त्या बावीस वर्षांत त्याने कोणाला काही विचारल्याचं मला आठवत नाही. विक्रोळीच्या आमच्या कारखान्यात तो टूलरूमचा फिटर, मी तिथल्याच ड्रॉइंगांचा कारकून. राहायला दोघेही तिथल्याच एका चाळीत. माणूस मालवणकडचा, काटकुळा, बोलायला कमी. जाडी मोजायचा त्याचा मायक्रोमीटर फलाटीनच्या मऊ तुकड्यात गुंडाळलेला असायचा आणि तो तुकडा त्याची बायको, रुक्मिणीवहिनी, दर रविवारी धुऊन द्यायच्या. भाकरी एका बाजूला जाड झाली तरी हा ताटात बघून गप्प व्हायचा, असं त्या सांगायच्या. ते गप्प होणं ओरडण्याहून वाईट, हेही सांगायच्या.

टूलरूमचा एक कायदा आहे, लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. काम पुरं झाल्याशिवाय ते ज्याचं आहे त्याला दाखवायचं नाही. धाकू तो कायदा देवासारखा मानायचा. पुढे जे झालं त्यातला अर्धा दोष मी त्या कायद्याला देतो. उरलेल्या अर्ध्याचं काय करावं ते मला अजून कळलेलं नाही.

पंच्याऐंशी सालच्या जानेवारीत आमच्या खात्यातला रतन खरात धाकूकडे आला. रतन घाटकोपरच्या वस्तीतला. त्याचे वडील खंडूबाबा दुसऱ्या महायुद्धात लष्करात होते, मोटारसायकलवरून निरोप पोचवायचे. पुढे लष्कराच्या लिलावात तसलीच एक इंग्रजी गाडी त्यांनी घेतली. दर चौदा एप्रिलला वस्तीतल्या जयंतीच्या मिरवणुकीत ही गाडी सगळ्यांत पुढे. हँडलला निळा झेंडा आणि सीटवर इस्त्रीच्या खाकी शर्टात खंडूबाबा. पंचवीस वर्षं हा क्रम चुकला नव्हता. गेल्या वर्षी मिरवणूक संपता संपता इंजिन जाम झालं. म्हाताऱ्याची नजर आता जात चालली होती. यंदा एकदा चालवायची आणि मग बंद, असं त्यांनी ठरवलं होतं. रतन एवढंच म्हणाला की काहीही कर धाकू, पण चौदा तारखेला गाडी चालली पाहिजे. धाकूने मान डोलावली. त्याची मान म्हणजे स्टँपपेपर.

गाडी चाळीच्या मागच्या पडवीत आली. धाकूने इंजिन खोललं. आत तेलाचा चिखल झाला होता आणि पिस्टन घासून चिकटला होता. सिलिंडर बोअर करून आणला, पिस्टन नवा बसवला, बेअरिंगं बदलली. तिथवर सगळं सुतासारखं सरळ झालं. मग आला तेलाचा पंप, आणि आमची मती गुंग व्हायला सुरुवात झाली.

या गाडीत तेलाची टाकी वेगळी असते, सीटखाली. पंपाचे दोन भाग. एक भाग टाकीतलं तेल इंजिनात पाठवतो, दुसरा इंजिनाच्या तळाशी साठलेलं तेल ओढून परत टाकीत आणतो. टाकीचं झाकण उघडलं की परतीच्या नळीचं तोंड दिसतं. तिथून तेल पडताना दिसलं म्हणजे इंजिनाची नाडी चालू आहे असं समजायचं.

पहिल्या दिवशी नाडीच लागली नाही. किक मारली, इंजिन चालू झालं, नळी कोरडी. धाकूने ताबडतोब बंद केलं आणि पंप उतरवला. पंप आणि इंजिन यांच्यामधलं गॅस्केट त्यानेच कापलं होतं, मी दिलेल्या ड्रॉइंगच्या जाड कागदातून. जुन्या गॅस्केटवर तेलाच्या वाटेचं भोक मळाने असं भरलं होतं की तो डाग वाटला, आणि नव्यात ते भोक पाडायचंच राहिलं. मी हसलो, तर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

भोक पाडलं, तेल आलं. आठ दिवसांनी बघतो तर टाकी रिकामी. उभ्या उभ्या सगळं तेल इंजिनाच्या तळात उतरलं होतं. ते अडवायला वाटेत एक पोलादी गोळी आणि स्प्रिंग असते, तिच्याखाली कचऱ्याचा कण अडकला होता. धाकूने कण काढला, पितळेच्या दांडीने गोळीवर हलकासा ठोका मारून ती जागेवर बसवली. टाकी भरलेली राहिली. झकास, म्हटलं, संपलं. पण संपलं नव्हतं.

इंजिन चालू केलं की पहिला मिनिटभर परतीच्या नळीतून तेलाची छान धार पडायची. मग धार तुटायची. थोडं तेल, मग नुसती हवा, फुसफुस, परत थोडं तेल. धाकू टाकीत डोकं घालून बघत बसायचा.

"ह्या उचक्या देता," तो म्हणाला. "कारखान्यात मशीनवर पाणी कसा पडता? धार तुटता काय? खंयसून तरी वारो घुसता हा."

मग वारा शोधणं सुरू झालं. सगळ्या जोडांना साबणाचा फेस लावला, एक बुडबुडा नाही. तांब्याचे वायसर बदलले, नळी बदलली, पंपाचं तोंड काचेवर घासून आरशासारखं केलं. चार वेळा पंप उतरला, चार वेळा चढला, उचकी तशीच. रुक्मिणीवहिनी म्हणाल्या, कोणीतरी आठवण काढत असेल, पाणी पाजा तिला. धाकूला ते आवडलं नाही.

या काळात रतनने दोनदा येऊन विचारलं होतं. "बाबा विचारतायत, परतीचं तेल कसं येतंय?" दोन्ही वेळेला धाकूने डोकं वर न काढता उत्तर दिलं, येतंय म्हणून सांग. खंडूबाबांना गाडी बघायला यायचं होतं, त्यावर त्याने कायदा सांगितला. काम पुरं झाल्यावर. रतन बिचारा परत गेला.

म्हाताऱ्याला एकदा विचारू या, असं माझ्याही मनात आलं नाही. ते चालवणारे, यंत्र हा आमचा विषय, असं वाटायचं. आणि खरं लिहायचं तर एवढंच नव्हतं. ते कुठल्या वस्तीतले, हेही माझ्या डोक्यात कुठेतरी होतं. आमच्यासारख्यांना त्या वस्तीतून काय शिकायचंय, असं मी मनातल्या मनातही कधी म्हटलं नसेन, पण वागलो तसाच. मला त्याची लाज वाटते. धाकूच्या मनात काय होतं ते त्याचं त्याला ठाऊक.

मार्चच्या शेवटी धाकूने पंपातली दातेरी चाकं मोजली. पाठवणारी जोडी अरुंद, परत आणणारी जवळजवळ दुप्पट रुंद. तो उडालाच. मागे कोणीतरी अडाण्याने भलतीच चाकं घातली, असा त्याने निकाल दिला. जेवढं जातं तेवढंच परत यायला हवं, हिशेब सरळ आहे, मलाही पटला. मूळची रुंदी त्याने वहीत मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत टिपून घेतली, मग कारखान्यातल्या ग्राइंडरवर रुंद चाकं घासून अरुंद जोडीएवढी केली आणि उरलेल्या जागेत पितळेची चकती बसवली. काम असं केलं होतं की प्रदर्शनात ठेवावं.

इंजिन चालू केलं. मिनिट झालं, दोन झाली, पाच झाली. धार तुटली नाही. बावीस वर्षांत मी धाकूला तेव्हा पहिल्यांदा दात दाखवून हसताना पाहिलं. वहिनींनी शिरा केला.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी रतन गाडी घेऊन हायवेला चक्कर मारायला गेला आणि ढकलत परत आला. मागून निळा धूर निघाला होता, प्लग तेलात भिजून काळा झाला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा आम्हाला कुठे कळत होतं? तेल तर सुरेख परत येत होतं, मग धूर कसला? धाकूने रिंगा तपासल्या, ठीक. व्हॉल्व्ह तपासले, ठीक. प्लग पुसून परत चालू केलं, दहा मिनिटांत परत धूर. तो जेवेनासा झाला. बाकावर बसून नुसता वहीतल्या आकड्यांकडे बघायचा, आणि मी त्याच्याकडे.

तेरा तारखेला, शनिवारी दुपारी, कारखाना सुटल्यावर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, चल. पंपाची चाकं त्याने फलाटीनमध्ये गुंडाळून घेतली होती, मायक्रोमीटर घरी ठेवून. कुठे ते मी विचारलं नाही. आम्ही चालत घाटकोपरला गेलो.

खंडूबाबा दारात खुर्ची टाकून खाकी शर्टाला बटणं लावत बसले होते, उद्यासाठी. रतनने चहा आणला. धाकूने चाकं त्यांच्या तळहातावर ठेवली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, गॅस्केटचं भोकसुद्धा. म्हाताऱ्याने डोळ्यांनी नाही, अंगठ्याने चाकं चाचपली. बराच वेळ चाचपली.

"आरं, हिला उचकी लागायचीच," ते म्हणाले. "विहिरीत झरा येतो त्यापरास उपसा जास्त पायजे, न्हाय तर विहीर भरंल का न्हाय? धाडणारा पंप ल्हान, आणणारा थोरला. खालचं त्याल सरलं की थोरला वारा वढतो. उचकी थांबली म्हंजी समजायचं, इंजिन बुडालं."

धाकूने हातातला कप खाली ठेवला. रोग नव्हताच. निळा धूर होता तो तळात साठून जळणाऱ्या तेलाचा. सव्वादोन महिने आम्ही निरोगी माणसाला औषध देत होतो, आणि शेवटी त्या औषधाने तो आजारी पडला. घासलेली चाकं परत रुंद होत नाहीत. नवी करायला टूलरूम हवी, आणि टूलरूमला सोमवारपर्यंत कुलूप.

"म्हणून तर सांगावा धाडला हुता," खंडूबाबा म्हणाले. "त्याल कसं येतंय म्हून."

मला वाटलं आता ते रागावतील, आणि ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांनी शेवटचं बटण लावलं आणि गाडी कुठे आहे विचारलं. पडवीत आहे म्हटल्यावर म्हणाले, सकाळी घेऊन या, झेंडा इथे आहे.

चौदा तारखेला धाकूने विक्रोळीहून घाटकोपरपर्यंत गाडी ढकलत आणली. मी हात लावायला गेलो तर लावू दिला नाही. संध्याकाळी मिरवणूक निघाली. सगळ्यांत पुढे ती बंद गाडी, निळा झेंडा, हँडल धरून ताठ बसलेले खंडूबाबा, बाजूने वाट सांगत रतन, आणि मागून कॅरियरला दोन्ही हात लावून धाकू परब. मिरवणुकीत तो आयुष्यात पहिल्यांदा आला होता. मीही. लोक विचारत होते, बाबा, इंजिनाला काय झालं? बाबा सगळ्यांना एकच सांगत होते, मिस्त्री नवा आहे, शिकतोय. टूलरूममध्ये बावीस वर्षं काढलेला फिटर मागे ते ऐकत होता आणि ढकलत होता.

चढावर ढोलताशे जरा मागे राहिले तेव्हा धाकू पुढे वाकून बोलला.

"बाबानू, मोठ्या चाकांची रुंदी कितकी होती?"

"का रं? तू मोजली न्हवतीस?"

"मोजलेली आसा," धाकू म्हणाला. "पण तुमी सांगा."

खंडूबाबांनी एक हात हँडलवरून काढला, मागे न वळता करंगळी वर केली आणि तिच्या पहिल्या पेरावर अंगठा टेकवला. एवढी, म्हणाले. धाकूने ढकलणं न थांबवता त्या बोटाकडे नीट बघून घेतलं.