विजूताई आणि मागचा रस्ता

अमोलचा फोन आला तेव्हा मी निजामपुऱ्याच्या बाजारात हिरव्या तुवेरीच्या शेंगा निवडत होतो. "मामा, आई गेली," एवढंच तो म्हणाला. मी निवडलेल्या शेंगा परत टोपलीत टाकल्या, नंतर येतो म्हणून भाजीवालीला "पछी आवुं छुं" म्हटलं आणि स्कूटर काढली. आदल्या संध्याकाळीच तिला भेटून आलो होतो. पित्ताशयाचं ऑपरेशन साधंच होतं, नीट पारही पडलं होतं. "हा रविवार नको, पुढच्या रविवारी जाऊ पादरा गावाकडे," असं तीच मला म्हणाली होती. पहाटे हृदय थांबलं. डॉक्टरांनी कारण समजावून सांगितलं, ते मला समजलंही. त्या दिवशी मला सगळंच समजत होतं, फार स्वच्छ… रडू मात्र आलं नाही.

विजूताई माझी आत्तेबहीण. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. बडोद्यातल्या एका गुजराती शाळेत तिने आयुष्यभर चित्रकला शिकवली. भाऊजी रिफायनरीत होते, ते लवकर गेले. अमोल शिकून पुण्याला स्थायिक झाला. ताई निवृत्त झाली, आणि महिन्याभरात तिने मोठा कॅमेरा आणि हातभर लांबीची लेन्स विकत घेतली. आमच्या घराण्यात कोणी असली खरेदी केलेली नव्हती. माझी बायको म्हणाली, "ताई, एवढ्यात सोन्याच्या पाटल्या झाल्या असत्या." ताई हसून म्हणाली, "पाटल्यांतून पक्षी दिसत नाहीत गं."

सुरुवातीला ती एकटीच जायची. छाणीच्या पुढचं तळं, पादऱ्याच्या वाटेवरची भातखाचरं. तिथे सारसांची एक जोडी यायची, तिच्यावर ताईचा जीव जडला होता. सकाळी उजाडताना रिक्षाने जाणार, ऊन चढलं की परतणार. कॅमेऱ्याबरोबर आलेली काळी बॅग ती खांद्याला लावायची. बॅगेवर कंपनीचं नाव मोठ्या पिवळ्या अक्षरांत शिवलेलं होतं. त्या नावाचा तिला अभिमान होता. चाळीस वर्षं खडूच्या धुळीत काढलेल्या बाईला तो असणारच. मीही कधी म्हटलं नाही की ताई, ही पिवळी अक्षरं दुरून वाचता येतात.

ती अक्षरं वाचली गेली. भातखाचरांच्या बांधावर ती उभी होती, डोळा कॅमेऱ्याला लावून. मागे मोटरसायकल थांबली. मागे बसलेल्या पोराने विचारलं, "मासी, आ रस्तो पादरा जाय छे?" ताईने डोळा न काढताच "हा, सीधो" म्हटलं. पुढच्या क्षणी खांद्यावरची बॅग ओढली गेली आणि कॅमेऱ्याला हिसका बसला. कॅमेऱ्याचा पट्टा तिने मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळला होता. कॅमेरा हातातून पडू नये म्हणून ती नेहमीच तसं करायची. त्यामुळे कॅमेरा गेला तसा तिचा हातही गेला, आणि हातामागे ती. गाडी सुटली, ती फरफटत गेली. शेतातून एक म्हातारा शेतकरी धावत ओरडत होता, "छोडी दो, बेन, छोडी दो!" पण तिने सोडलं नाही. सोडता आलंच नसतं असं ती पुढे सांगायची, आणि मग थोडं थांबून, "आलं असतं तरी सोडलं नसतं," असंही. अखेर पट्टा तुटला. कॅमेरा, लेन्स, पिवळ्या अक्षरांची बॅग… सगळं गेलं. बांधावर ताई उरली, मनगट दोन ठिकाणी मोडलेलं.

मी पादऱ्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा तो शेतकरी तिच्याजवळ बसून होता. साडी गुडघ्यावर फाटली होती, त्यावर त्याने आपला पंचा टाकला होता. मला पाहून ताई म्हणाली, "बंडू, सारसांची पिल्लं होती रे बरोबर. कार्ड आतच राहिलं."

त्यानंतरचे काही महिने मला कॅमेरा जाण्यापेक्षा वाईट वाटले. प्लास्टर निघालं, बोटं चालू लागली, पण ताई घराबाहेर पडेना. रस्त्यावर मोटरसायकलचा आवाज जवळ आला की बोलता बोलता गप्प व्हायची. दूध आणायला गेली तर भिंतीला धरून चालायची. अमोल पुण्याहून आला. त्याने समजुतीने, प्रेमाने, पण ठामपणे सांगितलं, "आई, आता पुरे. तुला काही झालं असतं म्हणजे? फोटो काय, घरातूनही निघतात." ताई "बरं" म्हणाली. ते "बरं" ऐकून मला बरं वाटलं नाही. शाळेत असताना मुख्याध्यापकांशी भांडणारी बाई होती ती.

एके दिवशी तिने मला बोलावलं. टेबलावर दुसरा कॅमेरा होता. जुना, कोणाचा तरी वापरलेला, आणि तशीच एक लेन्स. कॅमेऱ्यावरच्या नावावर तिने काळी चिकटपट्टी लावली होती. शेजारी माझ्या बायकोने तिला शिवून दिलेली गोधडीच्या तुकड्यांची भाजीची पिशवी, तिला आतून स्पंजचं अस्तर. बिल आणि कॅमेऱ्याच्या पोटावरचा नंबर यांचा फोटो तिने अमोलला आणि मला पाठवून ठेवला होता, विमाही उतरवला होता.

"अमोलला काय सांगणार?" मी विचारलं.

"सांगितलं. एकटी जाणार नाही या अटीवर तो हो म्हणालाय."

"मग कोणाबरोबर?"

"तुझ्याबरोबर. पण तू पक्षी बघायचे नाहीस."

"म्हणजे?"

"फोटो काढताना मी आंधळी असते, बंडू. एक डोळा मिटलेला, दुसरा भिंगात. मागे वाघ आला तरी कळायचं नाही. तू माझ्या पाठीला पाठ लावून उभा राहा आणि रस्ता बघ."

मग आठ वर्षं मी रस्ता बघितला. बडोद्याच्या आसपास जे काही पक्षी उतरले असतील ते सगळे माझ्या पाठीमागे उतरले. मला दिसले ते सायकलवरचे दूधवाले, शेळ्या, ट्रॅक्टर, शाळेत निघालेल्या मुली. कोण ओळखीचं, कोण नवखं, कोणती गाडी दुसऱ्यांदा गेली, हे मला कळू लागलं. त्या शेतकऱ्याकडे आम्ही प्रत्येक खेपेला आधी जायचो. चहा व्हायचा, तो विचारायचा, "केम छो बेन, हाथ केवो छे?" आणि मग तोही लांबून लक्ष ठेवायचा. ताईने ठरवून अशी माणसं जोडली होती. छाणीच्या तळ्याजवळचा वेल्डिंगवाला, वाटेवरची चहाची लारी, म्हणजे हातगाडी, चालवणारी बाई. ती म्हणायची, "ओळखीच्या माणसांत उभं राहिलं की चोराला आपण एकटे दिसत नाही." आज काय काढलं, कुठे काढलं, हे ती घरी पोचल्याशिवाय मोबाइलवर टाकायची नाही. आणि पट्टा आता मनगटाला गुंडाळायची नाही, खांद्यावरून तिरपा घ्यायची, एका बोटाने सुटेल अशी कळ लावून. हे सगळं ती नवख्या मुलामुलींना शिकवायची. कुणी हसून म्हणालं, "मॅडम, सुटेल अशी कळ तर चोराच्याच सोयीची," की ती त्याला आपलं मनगट दाखवायची. हाड थोडं वाकडंच जुळलं होतं.

एक सकाळ सांगायची राहिली तर हा लेख अपुरा राहील. सारसांचा नाच ताईला हवा होता. नर-मादी पंख पसरून, मान वर करून समोरासमोर उड्या मारतात, म्हणे. म्हणे अशासाठी की मी तो पाहिलेला नाही. त्या सकाळी माझ्या पाठीला तिची पाठ एकदम ताठ झालेली जाणवली. हलक्या आवाजात ती म्हणाली, "बंडू… सुरू होतंय." त्याच वेळी मला समोर लाल मोटरसायकल दिसली. दोघे बसलेले. मघाशी ती एकदा गेली होती, परत आली होती, आणि आता तिसऱ्यांदा सावकाश येत होती. हिने किती वर्षं वाट बघितली, ते मला ठाऊक होतं. तरी म्हटलं, "ताई, गाडी."

तिने एक क्षणही घेतला नाही. कॅमेरा खाली आला, पिशवीत गेला, वर झाकायला बरोबर आणलेली मेथीची जुडी. माझा दंड धरून ती शेतकऱ्याच्या घराकडे चालू लागली. मागे सारस ओरडत होते. त्यांचा आवाज मैलभर जातो, पण तिने वळून पाहिलं नाही. गाडी आमच्याजवळून गेली. चोर होते की वाट चुकलेले, कोण जाणे. ओट्यावर बसल्यावर मी म्हणालो, "माझ्यामुळे गेला ना फोटो? नुसतेच जाणारे असतील ते."

"असतील," ती म्हणाली. "सारस काय, उद्याही नाचतील."

शेतकऱ्याच्या सुनेने दिलेली चहाची बशी मात्र तिने खाली ठेवून दिली, चहा थंड झाल्यावर प्यायली. पुढे आम्ही कितीदा तरी गेलो. सारस दिसायचे, चरायचे, उडायचे. नाचले नाहीत. तो फोटो तिला मिळाला नाही, आणि त्याबद्दल ती मला कधी काही बोलली नाही.

दहाव्या दिवसानंतर अमोल घर आवरायला बसला. कपडे, भांडी, पुस्तकं, भाऊजींची घड्याळं. कॅमेरा कपाटात होता. लेन्स कुठेच नव्हती. पलंगाखाली पाहिलं, माळ्यावर पाहिलं, देवघराचे खण पाहिले. अमोलचा चेहरा उतरत गेला. "मामा, आई हॉस्पिटलमध्ये असताना घर बंद होतं. कोणी आत तर नाही ना आलं?" कुलूप शाबूत होतं. मीही त्याच्याबरोबर शोधत राहिलो. गेलेली वस्तू शोधताना माणूस गेल्याचं जरा विसरायला होतं, हे त्या दुपारी माझ्या लक्षात आलं.

लेन्स सापडली ती अमोलच्या बायकोला. वर्षाचे गहू शेजारच्यांना देऊन टाकू म्हणून तिने पत्र्याची कोठी उघडली आणि दिवेल, म्हणजे एरंडेल, चोळलेल्या गव्हात कोपरापर्यंत हात घातला. आत डबा लागला. घट्ट झाकणाचा, वर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. डब्यात लेन्स, ताईच्या जुन्या वायलच्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली. ऑपरेशनला जाण्याआधी ताईने ती तिथे पुरली होती. अमोल बराच वेळ डबा मांडीवर घेऊन बसला. बायकोने हळूच विचारलं, "पुण्याला न्यायची?" त्याने नकारार्थी मान हलवली. डब्याचं झाकण लावलं, पिशवी होती तशी बांधली, आणि डबा परत गव्हात ठेवून वरून ओंजळी ओंजळीने गहू लोटले.

"राहू दे. आईने ठेवलीय ती."

मी म्हटलं, "बंद राहिली तर भिंगाला बुरशी धरेल रे."

"मग तुम्ही मधूनमधून ऊन दाखवा, मामा. किल्ली तुमच्याकडेच आहे."

मागच्या रविवारी गेलो. गव्हातून डबा काढला, लेन्स पुसली आणि गच्चीत, सकाळच्या कोवळ्या उन्हात, कापडावर ठेवली. शेजारी पाट टाकून बसलो. थोड्या वेळाने खाली कोणी तरी बेल वाजवली. पुन्हा वाजवली. मग फाटकातून हाक आली, "काका, कुरियर छे!"

लेन्सवरची नजर न काढता मी कठड्यावरून ओरडलो, "दस मिनिट पछी आवजो, भाई! हमणां नीचे नहीं अवाय!"