सोसायटीच्या नकाशातली आई

आई निवृत्त नर्स. मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत कुणाला इंजेक्शन हवं असलं, कुणाची जखम बांधायची असली, की तीच आठवायची. तळमजल्यावरच्या आजोबांना रोजचं इन्सुलिनही तीच टोचायची. ते एकटे राहत, आणि सिरिंजवरच्या रेषा त्यांना दिसत नसत.

कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा पुण्याहून येऊन घरीच अडकला. साथ माणसांच्या ओळखीपाळखीतून कशी पसरते, हे कंप्युटरवर मांडणं हा त्याचा पीएचडीचा विषय. त्याने घरोघरी फोन करून कोण कुणाला भेटतं ते विचारलं. सेक्रेटरी म्हणाले, आम्ही कुठेच जात नाही. रोज सकाळी त्यांच्या स्कूटरला खंडेराव मार्केटची भाजी लटकलेली असायची.

मुलाने ग्रुपवर चित्र टाकलं. प्रत्येक घर एक ठिपका, भेटीगाठी म्हणजे रेघा. सगळ्यात जास्त रेघा आमच्या ठिपक्याला, म्हणून तो लाल. खाली लिहिलं होतं, ‘मावशींना आधी जपा. चांगले मास्क त्यांना द्या, म्हणजे सगळेच वाचतील.’

चित्र सगळ्यांनी पाहिलं. खालचं कुणी वाचलं नाही.

संध्याकाळी सेक्रेटरी आले, जिन्यातूनच बोलले. “बेन, आता घराबाहेर पडू नका. कंप्युटरमध्येच आलंय.”

“आणि आजोबांचं इन्सुलिन?”

“ते आम्ही बघू.”

कुणी बघितलं नाही. आई फोनवर आजोबांना सुई कशी धरायची ते समजावायची. ते म्हणायचे, “जमलं हो.” न राहवून ती एकदा खाली गेली, तर पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी जाळीमागून तिचा व्हिडिओ काढला आणि ग्रुपवर टाकला.

एका दुपारी आजोबा दार उघडेनात. दार तोडून त्यांना दवाखान्यात नेलं, पण ते शुद्धीवर आलेच नाहीत. साखर भयंकर वाढली होती, कोरोना नव्हताच. फ्रीजमध्ये इन्सुलिनच्या बाटल्या न फोडलेल्या सापडल्या.

ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं आली. मग कुणीतरी लिहिलं, ‘त्यांच्याकडे नर्सच जात होती ना?’

तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा दारात येऊन रडला. “मावशी, मी वेगळं लिहिलं होतं.”

“वाचलं मी,” आई म्हणाली आणि दार लावून घेतलं.

पुढच्या वर्षी सेक्रेटरींच्या बायकोला रोजची इंजेक्शनं सांगितली. या वेळी ते आत येऊन बसले. आईने चहाचे काठोकाठ भरलेले कप आणून ठेवले. बशीत थेंब नव्हता.

“माझे हात थरथरतात हल्ली,” ती त्यांना म्हणाली.

मग उन्हातान्हात त्यांची बायको रिक्षाने दवाखान्यात जायची. आई गॅलरीत उभी राहून बघायची.