डेरेकची रेकॉर्ड आणि आईचं कुंकू

शनिवारी सकाळी लंडनजवळ वॉटफर्डच्या आमच्या घरात मी आईवर ओरडलो. साधासुधा नाही... इतका, की भिंतीपलीकडे शेजारच्या डेरेकने टीव्ही बंद केला.

आता म्हणाल, नागपूरहून चार महिन्यांसाठी आलेल्या आईवर कसला ओरडतोस. थांबा, आधी ऐका... डोकं अजून तापलेलंच आहे.

डेरेक चौऱ्याहत्तर वर्षांचा. तरुणपणी एका जॅझ बँडमध्ये ड्रम्स वाजवायचा. बँड एकदा जपानला गेला, तिथल्या एका कार्यक्रमाची रेकॉर्ड निघाली आणि ती फक्त जपानातच विकली गेली. त्याची स्वतःची कॉपी घटस्फोटाच्या धावपळीत कुठेतरी गेली.

आता त्याचे हात थरथरतात, स्टिक धरता येत नाही. एकदा स्वतःला ऐकायचंय, एवढंच म्हणतो. ऑफिस मला ओसाकाला पाठवतंय हे कळल्यावर त्याने पाकिटाच्या मागे रेकॉर्डचं नाव लिहून दिलं. मिळाली तर बघ, नाहीतर राहू दे, म्हणाला. ते 'राहू दे' अशा आवाजात म्हणाला ना... मी तिथेच शब्द देऊन बसलो.

ओसाकात मला एकच रविवार मोकळा होता. सेकंडहँड रेकॉर्डच्या दुकानांची यादी इंटरनेटवरून प्रिंट करून नेली होती. ती यादी बनवणारा महाभाग मला एकदा भेटायलाच हवा... पहिल्या दुकानाच्या जागी नेल पार्लर, दुसऱ्यात फक्त जमैकाचं रेगे संगीत, तिसरं नेमकं रविवारी बंद.

बरं, पत्ता शोधावा तर तिथे बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत. ब्लॉकला नंबर, बिल्डिंगला नंबर, आणि तेही ओळीने नाहीत. त्यात दुकानं वरच्या मजल्यांवर लपलेली, खालून पत्ताच लागत नाही. चौकीतल्या पोलिसाने बिचाऱ्याने नकाशा काढून दिला, तो उलटा धरून मी अर्धा तास भलतीकडेच चाललो. नुसता संताप संताप झाला.

शेवटी एका डेंटिस्टच्या वर, चौथ्या मजल्यावर, आमच्या अडगळीच्या खोलीएवढं दुकान सापडलं. म्हाताऱ्या मालकाने पाकिटावरचं नाव वाचलं, शिडी लावली आणि वरच्या खणातून रेकॉर्ड काढली. कव्हरभोवती उभा पांढरा कागदी पट्टा, जपानी रेकॉर्ड्सना असतो तो, कुठेही न फाटलेला. कोपऱ्यात कंडिशनची चिठ्ठी होती... ग्रेड ए.

त्याने ती मऊ फडक्याने पुसली, प्लॅस्टिकमध्ये घातली. मग दोन्ही हातांत धरून कमरेत वाकला आणि माझ्या हातात दिली. मला भरून आलं, खरंच सांगतो.

गुरुवारी परत आलो आणि हीच गोष्ट भेटेल त्याला सांगत सुटलो. जेवताना आईला तर दोनदा ऐकवली. वर, आपल्याकडे वस्तूंची कदर नाही, असं भाषणही ठोकलं.

शनिवारी अकराला डेरेक चहाला येणार होता. साडेदहाला खाली आलो, तर रेकॉर्ड डायनिंग टेबलावर. प्लॅस्टिक काढून, घडी घालून बाजूला ठेवलेलं. आणि त्या पांढऱ्या पट्ट्यावर एक बोट हळदीचं, एक बोट कुंकवाचं, वर चार अक्षता... नव्या फ्रिजला लावलं होतं, गाडीला लावलं होतं, अगदी तसंच. ओलं कुंकू कागदात मुरलेलं.

मग माझी जीभ सुटली. दुसऱ्याची वस्तू आहे, हात कशाला लावलास, तुला यातलं काय कळतं, अडाण्यासारखं... हो, तो शब्दही वापरला. तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला.

आईने एकेक अक्षता वेचून मुठीत घेतली. मग शांतपणे म्हणाली, "त्या जपानी माणसाने नमस्कार केला तर तुझे डोळे भरले. मी केला तर मी अडाणी."

तेवढ्यात बेल वाजली.

दारात डेरेक, वीस मिनिटं आधीच. रेकॉर्डचं नावही न काढता त्याने विचारलं, कुणावर ओरडत होतास? मी सगळं सांगितलं, डाग दाखवला, दहादा सॉरी म्हटलं. आता हा चिडणार, हे मला माहीत होतं. चिडलाच... पण माझ्यावर. तोंड लालबुंद.

"माझ्या रेकॉर्डसाठी आईवर ओरडलास? मग मला ती नको," म्हणाला, आणि खरोखरच मागे फिरला.

त्याला थांबवलं कुणी, तर आईने. भांडण माझं आणि याचं आहे, तुम्ही का उपाशी जाता, पोहे झालेत, असं तिने तिच्या शाळेतल्या इंग्लिशमध्ये त्याला सुनावलं. मग रेकॉर्ड उचलून दोन्ही हातांनी त्याला दिली. त्याने थरथरत्या हातांनी घेतली आणि कुंकवाला अंगठा लागू नये म्हणून कडेला धरली. मी किटली घेऊन तसाच उभा.

दुपारी भिंतीपलीकडून ड्रम्स वाजायला लागले. आई खुर्ची भिंतीपाशी ओढून बसली होती. मी शेजारी जमिनीवर बसलो आणि माफी मागितली. "ऐकू दे," एवढंच म्हणाली. माफ केलं की नाही, मला अजून कळलेलं नाही... आणि बुधवारी तिचं फ्लाइट आहे.

चिडलोय मी अजूनही, पण आता कुंकवाचा काही संबंध नाही. ओसाकातल्या परक्या माणसाचा नमस्कार मला कळला, घरातला कळला नाही... याचा राग आहे.

डेरेकला मराठी येत नाही, तरी लिहितो. 'मला ती नको' म्हणालास ना, त्याबद्दल थँक्स.